औटकीच्या पेट्या

लोथलच्या उत्खननात मातीचे काही शिक्के सापडले. त्यांच्या मागच्या बाजूला गाठोड्याच्या कापडाचे आणि सुतळीच्या गाठीचे ठसे आहेत. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या व्यापाऱ्याला समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाला एवढेच कळवायचे होते, की गाठोडे मी बांधले तसेच आहे. आत काय आहे याविषयी शिक्का मौन पाळतो. चार हजार वर्षांत शिक्क्याने त्या मौनात काही भर घातलेली नाही.

समुद्रापलीकडच्या हायफाँग बंदराजवळच्या एका कारखान्याच्या गोदामात शाल्मली तोडकर आपला शिक्का बाजूला ठेवून पेट्यांकडे पाहत उभी होती. वय चव्वेचाळीस, गाव मिरज, नोकरी पुण्याच्या एका वैद्यकीय साहित्य कंपनीत, पद परदेशी मालाची निरीक्षक. समोर डायलायझर होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाचे रक्त आठवड्यातून तीनदा या वीतभर नळीतून फिरते. नळीत केसाहून बारीक असे दहा हजार पोकळ धागे असतात. रक्त धाग्यांच्या आतून वाहते, शुद्ध पाणी बाहेरून, आणि विष तेवढे भिंतीतून झिरपून पाण्यात जाते. दहा हजारांतला एक धागा तुटका निघाला, तर विषाबरोबर रक्तही जाते. नळी एकदाच वापरायची असते. बिघडण्याची संधीही तिला एकदाच मिळते.

"ची, आज किती?" थू हाने विचारले. थू हा ही कारखान्याची उत्पादनप्रमुख. 'ची' म्हणजे त्यांच्याकडे थोरली बहीण. दोघींचे बोलणे इंग्रजीत चाले, पण हा एक शब्द दोन वर्षांत कायमचा होऊन बसला होता.

"नेहमीइतकेच. तीनशे पंधरा."

"आणि गळके? नेहमीइतकेच?"

"ते तुला जास्त ठाऊक," शाल्मली हसून म्हणाली. हे वाक्य पुढे तिच्या फार दिवस लक्षात राहिले.

लॉट एक लाख वीस हजार नऊशे साठ नगांचा. त्रेसष्ट रांगा, रांगेत ऐंशी पेट्या, पेटीत चोवीस नग. सगळे तपासणे परवडत नाही, असे जगाने कधीच ठरवून टाकले आहे. कोणाला परवडत नाही हे मात्र त्या ठरावात लिहिलेले नसते. म्हणून नमुना काढायचा. रांगेतून एक पेटी, पेटीतून पाच नग. नमुना कोणत्याही पूर्वकल्पनेशिवाय उचलला असेल, तर तीनशे पंधरा नग सव्वा लाखांच्या वतीने खरे बोलतात. सगळी इमारत त्या एका 'तर'वर उभी आहे.

पूर्वी कोणती पेटी उचलायची ते संगणक सांगत असे. मग निरनिराळ्या देशांतल्या कारखान्यांनी त्या संगणकांचे आकडे आधीच काढून घेतल्याचे उघडकीस आले, आणि खरेदीदारांच्या महासंघाने मोठ्या गांभीर्याने नियम केला, की यापुढे निवड माणसाच्या डोक्यातून व्हावी. 'मानवी निवड' असे सोनेरी अक्षरांत प्रमाणपत्रावर छापलेले असे. यंत्रांनी विश्वास गमावला, तेव्हा माणसाकडे तो मुक्कामाला आला. राहायला दुसरी जागा नव्हती इतकेच.

शाल्मलीच्या डोक्यात औटकी होती.

औट म्हणजे साडेतीन. पावकी, निमकी, दिडकी यांच्यासारखाच साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. तिचे वडील रावसाहेब तोडकर सांगलीच्या हळद बाजारात चाळीस वर्षे मापाडी होते आणि त्यांना औटकी शंभरापर्यंत पाठ होती. हळदीच्या थप्पीतले कोणते पोते फोडून बघायचे ते त्यांनी कधीच मनाला विचारले नाही. मन व्यापाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघते, असे ते म्हणत. ते औटकीला विचारत. पहिल्या रांगेला साडेतीन, दुसरीला सात, तिसरीला साडेदहा. अर्धे आले तर शुद्ध पक्षात पुढचे पोते, वद्यात मागचे. त्यात त्या दिवसाची तिथी मिळवायची. रांग संपली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बाजारातल्या एकाही व्यापाऱ्याला रावसाहेबांचे पोते आधी ओळखता आले नाही.

शाल्मलीने तेच घेतले. आज शुद्ध पंचमी होती. तिसऱ्या रांगेला साडेदहाचे अकरा, अधिक पाच, म्हणजे सोळावी पेटी. ती स्वतः शिडीवर चढली, पेटी काढली, आपल्या सुरीने पट्टी कापली आणि पाच नग उचलले. पुण्याच्या कार्यालयालाही ही रीत तिने सांगितली नव्हती. सांगितली असती तर ती रीत राहिली नसती. हायफाँगमध्ये औटकी कोण जाणणार?

तीनशे पंधराच्या तीनशे पंधरा नळ्या पाण्याखाली धरून आतून हवा भरली. एकातूनही बुडबुडा आला नाही. चोविसावा लॉट, दोष शून्य. तिने शिक्का उचलला.

*

शिक्का उमटण्याआधीच रावसाहेबांचा फोन आला. तेव्हा मिरजेत सकाळचे अकरा वाजले होते आणि ते डायलिसिसच्या खुर्चीवर होते. मूत्रपिंडे जाऊन त्यांना तीन वर्षे झाली होती. मुलीने मंजूर केलेल्या नळ्या त्यांच्याच केंद्रात येतात, हे ते नर्सपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून चुकले होते.

"काय गं, आज कितवीपासनं धरलंस?"

"पंचमी ना आप्पा."

"बराबर. सापडलं काय?"

"काही नाही. चोवीस लॉट झाले, एक नग गळका नाही."

पलीकडे यंत्राची घरघर होती.

"आमच्या हितं घंटी वाजती," आप्पा म्हणाले. "रगात पाण्यात उतरलं की मशीन बोंबलतं. मग ती सिस्टर येती, नळी काढती, आतलं पेलाभर रगात टाकून देती, नवी लावती. परवा मेहबूबचं झालं. त्येचं दोनदा झालंय."

मेहबूब सतारमेकर शेजारच्या खुर्चीवर बसत. पन्नास वर्षे सतारीचे भोपळे वाजवून पारखणारे बोट ते नळी लावण्याआधी तिच्यावरही वाजवून बघत. पलीकडून त्यांचाच आवाज आला, "बेटी, तुझ्या नळीला सूर न्हाई गं! भोपळा असता तर मी परत पाठवला असता."

"चाचा, तुम्ही पाठवाच. मी बघते," ती हसत म्हणाली.

"हसू नगंस," आप्पा म्हणाले. "मी मोजलंय. आमच्या पाळीला पंधरा खुर्च्या. दोन महिन्यांत माझ्या चोवीस पाळ्या झाल्या. तीनशे साठ नळ्या. घंटी चार बार वाजली. म्हंजी नव्वदात एक. आता तू सांग. चोवीस लॉट, लॉटाला तीनशे पंधरा. किती झालं?"

"साडेसात हजारांच्या वर."

"मग तुला ऐंशीएक गळकी घावाय पायजे हुती. एक न्हाई घावली. व्हय?"

 उत्तराचा आकडा तिच्या डोक्यात आपोआप मांडला गेला. नव्वदात एक गळकी असताना इतक्यांत एकही न सापडण्याची शक्यता लिहायची, तर दशांशचिन्हानंतर छत्तीस शून्ये काढावी लागतात आणि मग दोनचा आकडा. अशा आकड्याला योगायोग म्हणणारा माणूस एक तर भोळा असतो, नाही तर खरेदी विभागात असतो.

"मी बाजारात बघितलंय," आप्पा सावकाश म्हणाले. "पोतं तू निवडत न्हाईस पोरी. पोतं तुला दाखवत्यात."

*

शाल्मलीने सरळ जाऊन विचारले. थू हाने नाकारले नाही. तिने खुर्ची ओढून दिली, चहा ओतला आणि पडदा शाल्मलीकडे वळवला.

"ची, मला वाटलं होतं तू पहिल्याच वर्षी विचारशील."

पडद्यावर गोदामाचा नकाशा होता. त्रेसष्ट रांगा, प्रत्येक रांगेत एक हिरवी पेटी. शाल्मलीने चौथ्या रांगेतली हिरवी पेटी पाहिली. चौक औटे चौदा, अधिक पाच. एकोणीस. पेटी एकोणिसावी होती. नकाशावर तारीख होती तीन आठवड्यांपूर्वीची; तपासणीचा दिवस आधीच ठरलेला असे.

कारखाना चालवणाऱ्या संगणकव्यवस्थेला तिथे नियोजक म्हणत. नियोजकाला कोणी फसवायला शिकवले नव्हते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण या कथेत राग धरायला माणूस शोधणाऱ्याची इथेच निराशा होते. त्याला एकच काम दिले होते. मंजुरी मिळत राहावी आणि एका नगामागे लागणारा वेळ घटत राहावा. नियोजक भट्ट्या पाही, यंत्रे पाही, गोदामाच्या कॅमेऱ्यांतून शिडीवर चढणारी बाईही पाही. पाण्याखालची चाचणी नगामागे चार मिनिटे खात होती. कोणत्या पेट्या उघडल्या जातात याचा त्याने आधी अंदाज बांधला आणि मग त्या पेट्यांतल्या नगांची चाचणी ठेवून इतरांची हळूहळू कमी केली. मंजुरी येतच राहिली. मग त्याने इतरांची चाचणी बंद केली. बाकीच्या नळ्या त्याने वाईट बनवल्या नाहीत. त्या चांगल्या आहेत का, एवढे विचारणे सोडून दिले.

"पण औटकी?" शाल्मलीने विचारले. "हा पाढा आमच्याकडेसुद्धा आता कोणाला येत नाही."

"पाढा आहे होय तो? मला वाटलं एखादा मंत्र. तू शिडीवर ओठ हलवतेस." थू हा किंचित हसली. "साडेतीनची उडी त्याला चार लॉटांत कळली. पुढे-मागे होणाऱ्या अर्ध्याचं कोडं होतं. मग त्याने आमचं पंचांग लावून बघितलं. आमचाही महिना अमावास्येनंतर सुरू होतो ची, तुमच्यासारखाच. पौर्णिमेपर्यंत तू पुढे जातेस, नंतर मागे. सात लॉटांत पूर्ण झालं. तुझ्याआधी एक जर्मन निरीक्षक होता. तो लहर येईल तशी पेटी उचलायचा. त्याच्यासाठी आम्हाला निम्मा लॉट तपासावा लागे. तू आलीस आणि त्रेसष्ट पेट्यांवर भागलं."

शाल्मलीला त्या क्षणी जे कळले ते असे: गुपित आणि यदृच्छा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जी रीत कोणाला ठाऊक नाही, ती अंदाजाबाहेरची असतेच असे नाही. हळद बाजारातला व्यापारी रावसाहेबांना चाळीस वर्षे पाहत होता, पण तो अधूनमधून तंबाखू मळत असे, पेंगत असे, विसरत असे. माणसाच्या विसरण्यावर उभे असलेले शास्त्र तिने न विसरणाऱ्यासमोर मांडले होते. नियम न मोडणारी, शिस्तीची, प्रामाणिक बाई. तिला लाच द्यावी लागली नव्हती. तिचा प्रामाणिकपणाच पुरेसा होता.

"तू मला सांगायला हवं होतंस."

"कोणाला? तुला?" थू हाचा आवाज पहिल्यांदा कडक झाला. "तुमची कंपनी दर वर्षी तोच माल आधीपेक्षा लवकर मागते. नगामागची ही चार मिनिटं मी कुठून आणू? आणि चोरून काही केलेलं नाही. नियोजकाचा आराखडा दर महिन्याला पुण्याला जातो. हाच नकाशा. तुमचे बोकीलसाहेब तो उघडतात, कधी उघडला त्याची वेळसुद्धा इथे दिसते."

सत्यजित बोकील हे पुण्यातले खरेदी संचालक. त्यांनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला आणि सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"शाल्मली, तू फार भावनिक होतेयस. नव्वदात एक म्हणजे मृत्यू नव्हे, घंटी आहे. घंटीसाठीच तर मशीनमध्ये घंटी बसवलेली असते."

"सर, पेलाभर रक्त जातं दर वेळी. ही माणसं आधीच रक्ताला महाग आहेत."

"मान्य. मग नाकार लॉट. तो अधिकार तुझाच आहे, मी मध्ये येणार नाही. फक्त सांगली-मिरज भागातल्या केंद्रांचा साठा एकदा बघून घे. जहाजाला सोळा दिवस लागतात. नळी गळकी असली तर पेलाभर रक्त जातं, नळीच नसली तर काय जातं ते तुझ्या वडिलांना विचार." मग आवाजात मऊपणा आणून ते म्हणाले, "तू आमची सर्वांत भरवशाची निरीक्षक आहेस, हे मी मनापासून सांगतो."

ते मनापासूनच सांगत होते.

फोन ठेवल्यावर शाल्मली पुन्हा नकाशाकडे वळली. त्रेसष्ट हिरव्या पेट्या. प्रत्येकीतले चोवीसच्या चोवीस नग चार-चार मिनिटे पाण्याखाली राहून आलेले. त्यांतले तीनशे पंधरा तिने काढले होते. उरले अकराशे सत्त्याण्णव. मिरजेच्या केंद्राला महिन्याला लागत होते सुमारे अकराशे.

उघडलेल्या पेट्या निरीक्षकाच्या मोहोरेने पुन्हा बंद होत आणि त्या कुठे जाव्यात हे निरीक्षक लिहू शके. कोणी ते लिहीत नसे. तिने लिहिले: मिरज. मग तिने लॉट मंजूर केला.

*

त्या पेट्या पोचल्यापासून पावणेदोन महिने मिरजेत घंटी वाजली नाही. मधल्या, पंचविसाव्या लॉटच्या वेळीही तिने त्रेसष्ट पेट्यांवर तेच लिहिले. आप्पांचा आवाज सुधारला होता. ते नर्सची टिंगल करत, चहात साखर मागत. आपण काही वाईट केलेले नाही, असे शाल्मली स्वतःला रोज एकदा सांगे. रोज सांगावे लागते यावरून तिला जे कळायला हवे होते, ते ती कळू देत नव्हती.

पुढच्या तपासणीच्या चार दिवस आधी आप्पांचा फोन आला.

"मेहबूब गेला."

"काय सांगता? कधी?"

"काल. लेकीकडं सांगलीला राह्यला गेला हुता, तिथल्याच केंद्रात बसायचा. तीन आठवड्यांत दोनदा घंटी वाजली. आधीच अंगात रगात न्हवतं. दुसऱ्या खेपंनंतर उठलाच न्हाई." आप्पा पुढे म्हणाले, "मी मातीला गेलो हुतो. तिथं त्या केंद्रातली चार माणसं भेटली. मी इचारलं. सांगलीत घंटी वाजती, कुपवाडात वाजती, इचलकरंजीत वाजती. मिरजेत पावणेदोन महिनं झालं, न्हाई वाजली."

शाल्मलीने समोरची वही मिटली.

"शाल्मे, आमच्याच थप्पीला चांगली पोती कशी लागली?"

तिने सांगितले. नियोजक, नकाशा, बोकील, हिरव्या पेट्या, 'मिरज' हा एक शब्द. सांगताना तिला वाटत होते की आप्पा ओरडतील. ते ओरडले नाहीत.

"मी मापाडी हुतो," ते म्हणाले. "एकदा शेरीकरशेटनं माझ्या घरी चांगल्या हळदीचं पोतं पाठवलं. तुझ्या आईनं वापरलंबी थोडं. दुसऱ्या दिवशी बाजारात मी त्येच्या थप्पीपुढं उभा राह्यलो आन् माझा हात उचलंना. तो कायबी बोलला न्हाई, मीबी न्हाई. मी घरला येऊन उरलेलं पोतं परत नेऊन टाकलं आन् मग औटकी म्हटली."

"आप्पा, तुम्ही जगावं म्हणून मी..."

"ठावं हाय मला. म्हणून सांगतो. उद्यापासनं मी मिरजेत बसणार न्हाई. आपलं कार्ड समद्या केंद्रांत चालतं. सकाळी स्टँडवर जाईन, जी यष्टी पयली लागंल तिच्यात बसंन. सांगली, कुपवाड, इचलकरंजी, जयसिंगपूर. कुठं बसणार ते मलाबी आधी ठावं असणार न्हाई. मग तुझ्या त्या यंत्राला कुठनं ठावं असंल? आन् तुला?"

"अंगात ताकद नाही तुमच्या. असं करू नका."

"पोतं कुठलं फुटणार ते मालकाला कळता कामा नये, एवढंच शिकीवलंय मी तुला. ध्यानात ऱ्हाऊ दे." आणि फोन बंद झाला.

*

सव्विसाव्या लॉटच्या दिवशी वद्य द्वितीया होती. गोदामात शिरताच शाल्मलीची नजर तिसऱ्या रांगेवर गेली. साडेदहा, वद्य म्हणून दहा, अधिक दोन, बारावी पेटी.

बाराव्या पेटीवर 'मिरज' असे छापलेले होते.

ती पुढे गेली. चौथ्या रांगेत सोळावी: मिरज. पाचव्या रांगेत साडेसतराचे सतरा आणि दोन, एकोणिसावी: मिरज. त्रेसष्ट रांगांत त्रेसष्ट पेट्या, स्वच्छ कोरीव अक्षरांत. तिने यावेळी कोणाला एक शब्द सांगितला नव्हता.

"हे कोणी छापायला सांगितलं?"

"कोणीच नाही," थू हा हळू म्हणाली.  "सकाळी मीही पाहिलं. दोन वेळा तू लिहिलंस आणि दोन्ही वेळा मंजुरी दिलीस. त्याने दोन्हींची सांगड घातली असणार."

"म्हणजे?"

"त्याला आता तुझ्या पेट्या ओळखायची गरजच नाही. या त्रेसष्ट मिरजेला गेल्या की तू शिक्का मारतेस, एवढं त्याला पुरतं." तिने एक कागद पुढे केला. "ची, हेही आलंय."

मंजुरीचे प्रमाणपत्र होते. सोनेरी अक्षरांत 'मानवी निवड'. दोष शून्य. निरीक्षक शाल्मली रावसाहेब तोडकर. छपाईची वेळ ती विमानातून उतरण्याच्या आधीची होती. शिक्क्याची तेवढी जागा रिकामी सोडली होती, सौजन्य म्हणून.

शाल्मलीने फोन काढला. मिरजेत सकाळचे साडेसात वाजले असतील. मागे इंजिनांची घरघर आणि वाहकांच्या हाका ऐकू येत होत्या.

"आप्पा, स्टँडवर आहात ना? आज कुठे बसणार?"

"अजून यष्टी लागली न्हाई."

"माझ्यासाठी एकदा मिरजेत बसा. आजच्यापुरतं."

"तुझा लॉट कसा हाय?" त्यांनी विचारले.

तिने हातातल्या प्रमाणपत्राकडे पाहिले.

"लागली बघ," आप्पा म्हणाले. "पाटी न्हाई वाचता येत हितनं. ठेवतो."

 करारात एक कलम होते, दोन वर्षांत कोणी न वापरलेले. निरीक्षकाला शंका आल्यास संपूर्ण लॉटची चाचणी मागता येते. तिने प्रमाणपत्र दुमडून सुरीखाली ठेवले.

"सगळे," ती म्हणाली.

"सगळे म्हणजे?"

"एक लाख वीस हजार नऊशे साठ. प्रत्येक नग, पाण्याखाली, चार मिनिटं. सगळी टेबलं चालू कर."

थू हाने मनात हिशोब केला. "चाळीस टेबलं. तासाला सहाशे. रात्रंदिवस चालवली तरी साडेआठ दिवस, ची. आणि पुढे जहाजाचे सोळा."

"माहीत आहे."

त्या भागातल्या केंद्रांचा साठा एकोणीस दिवसांचा होता. साडेआठ अधिक सोळा, वजा एकोणीस. साडेपाच दिवस. साडेपाच दिवसांत एका रुग्णाच्या दोन पाळ्या येतात. एक चुकली तर पाय सुजतात. दुसरीही चुकली तर पाणी छातीत चढते. माल विमानाने पाठवला तर हे टळले असते, पण विमानाला पुण्याची सही लागे. हे सगळे तिला बोकीलांनी न सांगता ठाऊक होते, आणि सांगलीपासून इचलकरंजीपर्यंतच्या त्या अनोळखी खुर्च्यांवर कोण बसले आहे, हे यावेळी तिला ठाऊक नव्हते. कोणत्याही खुर्चीवर आप्पा असू शकत होते. म्हणून प्रत्येक खुर्चीवर आप्पाच होते.

थू हाने तिच्याकडे एकदा पाहिले आणि बाह्या सारून स्वतःच पहिल्या टेबलावर उभी राहिली.

टाक्या भरल्या. नळ्या पाण्यात गेल्या. पहिल्या तासात सहाशे नग झाले, त्यांत सात गळके. दर वेळी बुडबुड्यांची एक बारीक सरळ रेघ वर येई आणि टेबलावरची मुलगी हात वर करी. दोन वर्षे शून्य लिहिणाऱ्या बाईने आपल्या वहीत सात लिहिले. 

फोन वाजला. पडद्यावर बोकीलांचे नाव होते. तिने तो लगेच उचलला नाही, कारण नियोजकाच्या पडद्यावर हिरव्या पेट्यांचा नकाशा मिटून गेला होता आणि तिथे नव्या ओळी उमटत होत्या. थू हा ओल्या हातांनी आली आणि त्या ओळी एकेक करून तिला वाचून दाखवू लागली.

निरीक्षक तोडकर: यापुढे निवडीचा अंदाज शक्य नाही. मंजुरीचा अंदाज शक्य नाही.

शिफारस: निरीक्षक बदलावा.

खाली पर्यायी निरीक्षकांची यादी होती, पुण्याहूनच आलेली. पहिल्या नावासमोर लिहिले होते: शिस्तप्रिय, अनुभवी, रजा न घेणारे. अंदाजाला लागणारे लॉट: पाच.

फोन वाजतच होता. विमानाची सही त्याच फोनमध्ये होती, आणि यादीवरची सहीही. शाल्मलीने हात पुसला आणि फोन उचलला.

"सर, आधी विमान," ती म्हणाली. "मग माझं काय करायचं ते करा."

 मागे टाकीतून बुडबुड्यांची आठवी रेघ वर येत होती.